दहा घरांचा नंबर

रविवारी दुपारी दीड वाजता साधनानं चौथ्यांदा चहा टाकला आणि चौथ्यांदा तो कुणीच प्यायला नाही. भरे गावात जेवढ्या म्हणून मोटारसायकली होत्या तेवढ्या रस्त्यावर होत्या. कुणी पिरंगुटला, कुणी पौडला, कुणी सूसकडं, कुणी उगीचच. साधनाचे सासरे कुशाबा, घरातल्यांचे आबा, काल सकाळी सातला चहा पिऊन, चप्पल घालून बाहेर पडले ते परत आले नव्हते. वय शहात्तर. साखरेच्या गोळ्या फडताळात बशीखाली तशाच. अलीकडं कधीमधी वाराचं नाव विसरायचे, मधेच थांबून आपण कुठं निघालो होतो ते आठवत उभे राहायचे. एवढंच माहीत होतं, की पौडच्या स्टँडवर काल नऊच्या सुमाराला कुणीतरी त्यांना घाटाकडच्या एसटीत चढताना बघितलं होतं.

त्यांच्या खिशात फोन होता. बटणांचा, नवा, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेला. एकदा चार्ज केला की चार दिवस चालणारा.

आणि त्या फोनचा नंबर घरात कुणाकडंच नव्हता.

"नंबर द्या ताई, टॉवर काढतो," चौकीतले हवालदार सकाळपासून तीनदा म्हणाले होते. माणूस भला होता, पण तोही थकला होता. "नंबराबिगर मी काय हवेत बोट फिरवू?"

नंबर साधनाच्या फोनमधे होता. गुरुवारी घट बसायच्या आधीच्या गोधड्या धुवायला ती नदीवर गेली, वाकून गोधडी आपटताना कमरेचा फोन सुटला, आणि नदीनं तो सिमकार्डासकट गिळला. शुक्रवारी तिनं घराला चुना मारला. दाराच्या मागची भिंत आबांची होती. तिथं त्यांनी खडूनं आकडे मांडलेले असायचे, वर नंबर, खाली भागाकाराची लांब शेपटी. घट बसायचे म्हटल्यावर देवीला असली गिचमीड कशी दाखवायची? साधनानं कुंचला दोनदा फिरवला. भिंत अशी पांढरी झाली की डोळे दिपले.

दोन दिवसांत दोन्हीकडचा नंबर तिनं स्वतःच्या हातानं बुडवला होता, एक पाण्यात आणि एक चुन्यात.

"दुकानात इचार की," शेजारची गोजराबाई म्हणाली. ती सकाळपासून उंबऱ्यावर बसून होती. कामाला काही नव्हती, पण जायलाही तयार नव्हती.

"दुकान न्हवतंच, आत्या. बाजाराच्या दिवशी छत्रीखाली एक पोरगं सिम विकत बसलं हुतं. छत्री बी गेली आन् पोरगं बी."

"कंपनीत?"

"आज रविवार. उद्या पोलिसांचं पत्र घेऊन जायचं. मग त्ये बघणार."

"उद्या," गोजराबाई म्हणाली, आणि डोंगराकडं बघितलं. परतीचा पाऊस रोज चारनंतर येत होता. घाटात तो येतो तेव्हा धुकं घेऊन येतो. काल रात्री म्हातारा कुठं निजला असेल, हे दोघींनीही तोंडातून काढलं नाही.

साधनाचा नवरा कैलास हिंजवडीत कंपनीची गाडी चालवायचा. तो काल दुपारपासून तीच गाडी घेऊन घाटात फिरत होता. त्याच्याकडं बापाचा नंबर का नव्हता, तर बाप घरातच असायचा. घरातल्या माणसाचा नंबर कोण घेतं? आबा फोन करायचे ते फक्त साधनाला, आणि तेही परसातून. "साधना, च्या हाय का?" ती खिडकीतून ओरडायची, "हाय की! या वो आत, फोन कशाला?" पण ते फोनच करायचे. नवा नंबर होता, तो वाजला पाहिजे.

त्या नंबराचं वेड काही विचारू नका. आबा एकतीस वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्याच्या गेटवर होते. आत जाणाऱ्या, बाहेर येणाऱ्या ट्रकचे नंबर वहीत लिहायचे. शाळा सातवीपर्यंतची, पण गुरुजी जुने होते. पावकी, निमकी, औटकी, अपूर्णांकांचे पाढेसुद्धा, सगळं छडीच्या टोकावर तोंडपाठ झालेलं. ट्रक गेटवर थांबला की आबा नंबर लिहायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, "तुझ्या गाडीला तेरानं भाग जातोय बघ." ड्रायव्हर म्हणायचा, "बाबा, पावती द्या." एकतीस वर्षं हेच.

छत्रीखालच्या पोरानं नंबरांची यादी पुढं धरली तेव्हा त्यांनी म्हणे अर्धा तास घेतला. घरी आले ते लग्न ठरल्यासारखे. "कैलास, असला नंबर हाय, असला नंबर हाय!" कैलास गाडीची काच पुसत म्हणाला, "अठ्ठ्याण्णवनं सुरू होतोय? जुन्या शिरीजमधला हाय, भारीच." झालं, तेवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. अठ्ठ्याण्णव. पुढचे आठ आकडे काच पुसताना गेले.

आबा नंबर सांगायचेही भलत्याच तऱ्हेनं. दोन-दोन आकडे तोडून सांगायची रीत त्यांना मान्य नव्हती. "अखंड संख्या हाय ती, तिचं तुकडं कशाला करायचं?" म्हणून ते किराणावाल्याला, भाडेकरूंना, देवळातल्या पुजाऱ्याला "नऊशे" पासून सुरुवात करून कोटी, लाख, हजार असा सांगायचे. ऐकणारा कोटीपर्यंत टिकला तर फार. सबंध गावाला त्यांनी नंबर सांगितला आणि सबंध गावातल्या एकानंही तो घेतला नाही.

आणि काल सकाळी? काल सकाळी साधना चुलीपुढं होती. पाच खोल्यांचे भाडेकरू पाण्याची मोटार बंद पडली म्हणून दारात उभे होते. आबा चहाची बशी हातात घेऊन दारामागच्या भिंतीपुढं थांबले. मग आत आले आणि म्हणाले, "साधना, त्या नंबराची अजून एक गंमत घावलीया मला."

ती म्हणाली, "आबा, त्या नंबरानं मोटार चालू व्हती का? मग जाऊ द्या न्हवं मला."

ते "बरं" म्हणाले. बशी धुवून पालथी घातली. ही बशी त्यांनी कधी धुतलेली नव्हती. चप्पल घातली.

ही गोष्ट साधनानं कुणाला सांगितली नव्हती. हवालदार विचारत होते, घरात काही बोलाचाली? ती म्हणाली, न्हाई. बोलाचाली कुठं झाली होती? एवढंच झालं होतं, की एक माणूस बोलायला आला होता आणि तिला वेळ नव्हता.

"आई," सृष्टी म्हणाली. ती अकरावीत होती आणि सकाळपासून मोबाइल घेऊन खाटेवर बसली होती. डोळे सुजलेले. "आबा म्हणायचे ना, की नंबरात दहाच्या दहा आकडे आहेत, प्रत्येक एकदाच?"

"दहा घरं, दहा माणसं," साधना म्हणाली. "कुणी दोनदा जेवायला न्हाई, कुणी उपाशी न्हाई. मी भाजी चिरत हुते तवा सांगत हुते."

"मग नऊ आणि आठ पुढे गेले. उरलेले आठ आकडे आठ जागांवर. आठ गुणिले सात गुणिले सहा..." तिनं मोबाइलवर बोटं मारली. "चाळीस हजार तीनशे वीस नंबर."

"लाव की मग," गोजराबाई म्हणाली. "बसून काय करतीस?"

"आत्या, मिनिटाला एक लावला, झोपलो नाही, जेवलो नाही, तरी..." पोरीनं पुन्हा हिशेब केला आणि तिचा चेहराच पडला. "बरोबर अठ्ठावीस दिवस."

तरी तिनं सात-आठ लावले. माणसाला बसवत नाही म्हणून. तीन नंबर अस्तित्वातच नव्हते. एक बाई हिंदीत म्हणाली, आबा वगैरे इथं कुणी नाही, पण सापडले तर मला कळवा हं. एकानं शिवी दिली. एकानं शिवी दिली नाही, पण कुणाची मुलगी, कुठून बोलतेस, असं विचारायला लागला, तेव्हा गोजराबाईनं फोन हिसकावून त्याच्या आईबापाची अशी विचारपूस केली की त्यानं आपणहून ठेवला.

बाहेर ढग उतरायला लागले होते.

साधना दारामागं जाऊन भिंतीपुढं उभी राहिली. चुना नखानं खरवडून बघितला. खडूवर चुना बसला की खडू राहत नाही, चुनाच राहतो. नख मोडलं. तिनं भिंतीला कपाळ टेकलं आणि तीन आठवड्यांत कानावर पडलेलं सगळं गोळा करायला लागली. ती ऐकत नव्हती हे खरं. पण कान काही बंद करता येत नाहीत. केर काढताना, कणीक मळताना काहीतरी आत गेलंच असेल. ते आता कुठल्या कोनाड्यात पडलंय?

"जोडीचा हाय," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"जोडीचा नंबर हाय म्हणायचे. त्येचा त्येलाच गुणला की हा नंबर निघतोय. भिंतीवर त्येच करत हुते चार दिवस, लांबलचक."

सृष्टी खाटेवरून उठली. "वर्गसंख्या? आबांनी वर्गमूळ काढलं? हातानं?"

"मला काय ठावं तुमचं मूळ आन् खोड. त्येचा त्येलाच गुणला, एवढं म्हणायचे."

"थांब, थांब." पोरीचा आवाज बदलला. "नंबर अठ्ठ्याण्णवनं सुरू होतो, म्हणजे नऊशे ऐंशी कोटी ते नऊशे नव्वद कोटी. नव्याण्णव हजाराला नव्याण्णव हजारानं गुणलं तर..." बोटं मोबाइलवर. "नऊशे ऐंशी कोटी आणि थोडं वर. साडेनव्याण्णव हजाराला तसंच केलं तर नऊशे नव्वदच्या पुढं जातंय. म्हणजे ते मूळ ह्या दोघांच्या मधेच आहे, आई! चाळीस हजारांवरून पाचशेवर आलो!"

"पाचशे लावायला किती दिस?" गोजराबाईनं विचारलं.

"दिवस नाही, तास. आठ-नऊ तास."

आठ-नऊ तास म्हणजे मध्यरात्र. साधनानं दारातून बघितलं. घाटाच्या बाजूचा डोंगर निम्मा पुसला गेला होता.

"अजून काय म्हणायचे? आई, आठव ना!"

"आठवतीय की! वरडू नको!" आणि साधना स्वतःच ओरडली होती. मग खाली बसली. "पाटी. तुझी ल्हानपणीची पाटी काढली हुती माळ्यावरनं. तिच्यावर त्ये मूळ लिव्हलं, आन् माझ्यापुढं आणून पाटी उलटी केली. खालचं वर. म्हणले, बघ पोरी, उलटं केलं तरी त्येच! मी म्हणलं, आबा सरका, केर काढायचाय."

पाटी होती. खाटेखालीच होती, पण पुसलेली. आबा नीटनेटके, काम झालं की पुसून ठेवायचे. सृष्टीनं तिच्यावर ९९ लिहिलं आणि पाटी फिरवली. उलट्या नवाचं काहीच होत नव्हतं. वेडावाकडा आकडा, कुठल्याही भाषेत न बसणारा. आठ उलटा केला, सहा उलटा केला. शून्य तेवढा शून्य राहिला.

"न्हाई हुत," गोजराबाई म्हणाली. "म्हातारा काय बी बोलायचा."

"आबा काय बी बोलायचे न्हाईत," साधना म्हणाली. असं ती पहिल्यांदाच म्हणत होती.

पुसलेल्या पाटीकडं बघत साधनाला तो वह्यांचा गठ्ठा आठवला, गेटवरच्या जुन्या वह्या, ज्या आबांनी रद्दीत घालू दिल्या नव्हत्या. पानन् पान ट्रकचे नंबर. ट्रकवर जसे असतात तसे.

"इंग्रजी," ती म्हणाली. "आबा आकडे इंग्रजीत काढायचे. गाड्यांवर असत्यात तसे. इंग्रजी नऊ उलटा केला की..."

"सहा!" सृष्टीनं पाटी पुसली. सुरुवातीला नऊ, नऊ. मग उलट्या बाजूनं तेच यायला हवं तर शेवटी सहा, सहा. मधला आकडा उलटूनही तोच राहायला हवा. शून्य, एक किंवा आठ. आठ धरला तर संख्या साडेनव्याण्णव हजारांच्या बाहेर जात होती. उरले दोन.

पाचशेवरून दोन. गोजराबाईला गणित कळत नव्हतं, पण दोन कळत होते. ती उंबऱ्यावरून उठून आत आली.

"आधी एकवाला," सृष्टी म्हणाली. "नव्याण्णव हजार एकशे सहासष्ट गुणिले तेच." मोबाइलवर आकडे आले. "नऊ, आठ, तीन, तीन..."

"तीन दोनदा जेवला," साधना म्हणाली. "तो न्हाई."

"मग शून्यवाला. नव्याण्णव हजार सहासष्ट." पोरीनं बरोबरचं चिन्ह दाबलं आणि स्क्रीन आईपुढं धरली. वाचायची हिंमत तिच्यात राहिली नव्हती.

साधनानं वाचलं, एकेक, मोठ्यानं. गोजराबाईनं दोन्ही हातांची बोटं पसरली आणि आकड्यामागं एकेक बोट मुडपायला लागली. नऊ. आठ. एक. चार. शून्य. सात. दोन. तीन. पाच. सहा.

दहाही बोटं मिटली. म्हातारीच्या दोन मुठी पुढं तशाच धरलेल्या राहिल्या.

नऊशे एक्याऐंशी कोटी, चाळीस लाख, बहात्तर हजार, तीनशे छप्पन्न. आता साधनाला ते आबांच्या आवाजात ऐकू आलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. म्हणजे शेवटपर्यंत ते तिनं कधीतरी ऐकलं होतं.

सृष्टीनं नंबर लावला. *आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.*

पुन्हा लावला. बाहेर. पुन्हा. ती बाई त्याच शांतपणे तेच सांगत होती, जणू संपर्क क्षेत्राच्या बाहेर जाणं ही कुणाची तरी आवड असावी. हवालदारांना नंबर दिला. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला: शेवटचा टॉवर घाटाच्या अलीकडचा, सकाळी अकराचा. "पण ताई, तो टॉवर म्हंजी डोंगरच्या डोंगर. माणसं पाठवतोय. देवाचं नाव घ्या." कैलासला कळवलं. तिकडून नुसता गाडी वळवल्याचा आवाज आला.

साधना पोरीच्या मोबाइलवरून लावत राहिली. एकोणिसाव्यांदा, विसाव्यांदा. नंबर खरा होता हे कशावरून? नऊ आणि आठ तरी कैलासनं नीट ऐकले होते का? उलटी पाटी तिनं खरंच बघितली होती, की आता हवी म्हणून आठवली होती? पाऊस सुरू झाला. पत्र्यावर असा वाजायला लागला की आता घंटी वाजली तरी ऐकू येणार नाही म्हणून ती फोन कानात घुसवून मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

साडेचारला घंटी वाजली.

तिला आधी कळलंच नाही ते काय आहे. सहा वेळा वाजली. मग वारा ऐकू आला.

"हॅलो."

"आबा!" तिच्या घशातून भलताच आवाज निघाला. "आबा, कुटं हायेत तुमी?"

"गेटवर. आनि कुटं असनार?" आवाज दमलेला, पण कामावरचा. "कंच्या कंपनीतून बोलताय बाई?"

गेट सुटून सोळा वर्षं झाली होती. तसं सांगितलं तर ते गोंधळतील, आणि गोंधळले की फोन ठेवतात, हे तिला माहीत होतं. मोरीच्या ओल्या फरशीवर बसून तिनं पदर तोंडात कोंबला, काढला, आणि शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात म्हणाली, "पुण्यावरनं बोलतीय. तुमच्या गेटवर गाडी पाठवायची हाय."

"गाडी नंबर?"

"गाडी नंबर देते की. पर डायवर नवा हाय, त्येला गेट घावना. तुमच्या समोर काय नंबर बिंबर लिव्हलाय का कुटं? खांबावर, दगडावर?"

बराच वेळ नुसता वारा. सृष्टी आणि गोजराबाई मोरीच्या दारात उभ्या होत्या.

"लायटीची डीपी हाय हितं," आबा म्हणाले. "पेटीवर पिवळ्या रंगात हाय. सातशे एक्केचाळीस."

साधनानं बोटानं ओल्या फरशीवर आकडे गिरवले आणि सृष्टीकडं बघून ओठ हलवले: अलाउद्दीन.

गावात नवऱ्याचा नंबर एखादीला पाठ नसेल, वायरमनचा असतो. अलाउद्दीन आधी भरेची लाइन बघायचा, दोन वर्षांपूर्वी त्याची घाटाकडं बदली झाली होती. सृष्टी गोजराबाईचा फोन घेऊन ओटीवर धावली.

"तेरा सत्तावन्न," आबा म्हणाले.

"आं?"

"सातशे एक्केचाळीस. तेरा सत्तावन्न सातशे एक्केचाळीस. आन् अजून एक हाय त्येच्यात." ते थांबले. ही थांबण्याची जागा साधनाला ओळखीची होती. इथं लोक म्हणायचे, पावती द्या. इथं ती म्हणायची, सरका.

"काय हाय?" तिनं विचारलं.

"एकापासनं अडतीसपतुर बेरीज करा. एक आन् दोन आन् तीन आन् चार, अशी. सातशे एक्केचाळीस येती."

"अगं बया! करून बघितली का तुमी?"

"करायला कशाला पायजे? अडतीस एकुणचाळीसचं निम्मं." आवाजात जरा जीव आला. "आमच्या गेटवर लई नंबर येत्यात बाई. पर हितं थंडी लई वाजतीया आज. शिफ्ट सुटंना."

"सुटंल की. गाडी आली की सुटंल." तिचे दात एकमेकांवर वाजत होते. ओटीवरून सृष्टीचा आवाज येत होता, आणि पलीकडच्याचा, फोनवरूनही मोठा: "सातशे एक्केचाळीस? धनगरवाड्याच्या वरची डीपी! म्याच रंगीवलाय तो नंबर! म्या हितंच हाय खाली, वीस मिंटं! आबांना म्हनावं बसा तितंच, हलू नका!"

वीस मिनिटं. आबांच्या फोनमधून टुक् असा आवाज आला, बॅटरीचा.

"तुमचा नंबर बी नोंदवून घेते," साधना म्हणाली. "सांगता का? सावकाश सांगा."

त्यांनी सांगितला, सबंध, नऊशे कोटींपासून. ती मधे बोलली नाही. मग त्याचं मूळ सांगितलं. मग मुळाला दोननं जातं, तीननं जातं, अकरानं, एकोणीसनं आणि एकोणऐंशीनं जातं, आणि ते पाचही असे आहेत की त्यांना पुढं कुणीच भागू शकत नाही, तेही सांगितलं. "ही गंमत परवाच घावली. कुणाला सांगायची ऱ्हायली हुती."

"आता सांगितली की," ती म्हणाली. फोन कानापासून लांब धरून तिनं पदरानं नाक पुसलं.

"हॅलो? बाई?"

"हाय. ऐकतीय. अजून सांगा."

ते सांगत राहिले. मधेच थांबायचे, कुठं होतो ते विसरायचे, आणि ती म्हणायची, "एकोणीसवर हुतात." पुन्हा सुरू व्हायचे. तीनदा ते म्हणाले की आता उठतो, पाय आखडलेत, आणि तीनदा तिनं काहीतरी विचारून त्यांना बसवलं. फोन टुक् टुक् करत होता. मग वाऱ्याच्या आत कुठंतरी मोटारसायकल ऐकू आली, आधी माशीएवढी, मग मोठी.

"आली वाटतं गाडी," आबा म्हणाले. "थांब रं! नोंद झाल्याबिगर आत न्हाई! बाई, तुमचं नाव सांगा. कुनी पाठवली म्हनून लिव्हायला लागतंय."

"साधना," ती म्हणाली.

तिकडं मोटारसायकल बंद झाली. अलाउद्दीनचा आवाज आला, "आबा, अवो आबा, काय वो हे, सगळं भिजलाय की!" आणि त्यावर आबांचा, हळू, फोनच्या अगदी जवळ तोंड आणून:

"आमच्या सुनंचं नाव बी साधनाच हाय. बाई, येक काम करा. तिला काय सांगू नका, म्या वाट चुकलोय म्हनून. लई घाबरती ती."

"न्हाई सांगत," साधना म्हणाली.

फोन बंद पडला होता. आधी पडला की नंतर, ते तिला कळलं नाही. ती मोरीत तशीच बसून राहिली, पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि मग ओटीवर गोजराबाईचा फोन वाजायला लागला.